वास्तुरचना आणि ग्राफिक डिझाइन या दोन्ही कामांसाठी एकच लॅपटॉप घ्यायचा असल्यास काय पाहावे?

रेघोटी (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. मी वास्तुरचनेच्या चौथ्या वर्षाला आहे आणि अभ्यास सांभाळून ग्राफिक डिझाइनची छोटी कामे घेते. त्यात बोधचिन्हे आणि माहितीपत्रके असतात, क्वचित एखाद्या पुस्तकाचे मुखपृष्ठही असते. सध्याच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे, वेगळे ग्राफिक कार्ड नाही, आणि रेव्हिट या इमारतीचे मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा सेक्शन (इमारतीचा उभा छेद) उघडायला गेले की पडदा बराच वेळ तसाच थांबून राहतो. आता नवीन लॅपटॉप घेणे भाग आहे, आणि तो शिक्षण संपल्यानंतरही काही वर्षे पुरावा अशी इच्छा आहे.

रोज वापरात असतात ती सॉफ्टवेअर म्हणजे आराखडे आणि मॉडेलसाठी ऑटोकॅड, रेव्हिट आणि स्केचअप, मॉडेलवरून खऱ्यासारखी चित्रे काढण्यासाठी (म्हणजे रेंडरिंगसाठी) एनस्केप, आणि डिझाइनसाठी फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन. चौकशी केली की प्रत्येक जण वेगळे सांगतो. कुणी म्हणते डिझाइनवाल्यांनी मॅकच घ्यावा, कुणी म्हणते गेमिंग लॅपटॉप घेऊन मोकळे व्हा, आणि जाहिराती वाचल्या तर प्रत्येक लॅपटॉप सर्जनशील लोकांसाठीच बनवलेला असतो. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक कार्ड आणि स्क्रीन यांपैकी कशावर अधिक खर्च करावा आणि कशात हात आखडता घेतला तरी चालेल, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून समजून घ्यायचे आहे.

आराखडा:

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलतो. रॅम किती आणि कार्ड कोणते हे नंतर ठरते; आधी सॉफ्टवेअरच्या यादीत एकाच प्रणालीवर चालणारे काही आहे का, ते पाहावे लागते. रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि लुमियन ही तिन्ही केवळ विंडोजवर चालतात. ऑटोकॅडची मॅकसाठी स्वतंत्र आवृत्ती आहे, परंतु वास्तुरचनेचा जो खास टूलसेट विंडोजच्या ऑटोकॅडसोबत मिळतो तो तिच्यात नाही. स्केचअप, आर्किकॅड, रायनो, ब्लेंडर आणि ॲडोबीची सगळी सॉफ्टवेअर दोन्हीकडे व्यवस्थित चालतात. तुमच्या यादीत रेव्हिट आहे, आणि पुढे नोकरीत तेच वापरावे लागण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा विंडोज की मॅक हा प्रश्न तुमच्यापुरता तिथेच सुटतो.

विंडोज घेतानाही एक खबरदारी घ्या. अलीकडे एआरएम पद्धतीचे (मोबाइलमध्ये असतात तशा धर्तीचे) प्रोसेसर असलेले विंडोज लॅपटॉप मिळू लागले आहेत. त्यांची बॅटरी छान टिकते, पण रेव्हिटसारखी सॉफ्टवेअर इंटेल आणि एएमडीच्या पारंपरिक प्रोसेसरसाठी लिहिलेली आहेत, त्यामुळे या कामासाठी तो प्रकार टाळावा.

यानंतरचा प्रश्न असा की तुमचे काम नेमके कुठे अडते? लॅपटॉप संथ आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून त्यातला परफॉर्मन्सचा भाग समोर ठेवा आणि तुमची सगळ्यांत जड फाइल उघडा. फाइल उघडताना, एका व्ह्यूमधून दुसऱ्यात जाताना, फोटोशॉपमध्ये मोठी शीट सेव्ह करताना आणि इनडिझाइनमधून पीडीएफ काढताना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे कसे हलतात ते इथे लिहा. ज्या ठिकाणी तुम्ही थांबून राहता, त्या ठिकाणी खर्च करायचा.

रेघोटी:

आराखडा सर, सांगितल्याप्रमाणे पाहिले. रेव्हिटची माझी सगळ्यांत जड फाइल साधारण १८० एमबीची आहे. ती उघडताना मेमरी जवळजवळ पूर्ण भरते आणि डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर जाऊन तिथेच राहतो. ब्राउझर बंद केला की थोडा फरक पडतो.

सेक्शन उघडताना मात्र गोंधळात पाडणारी गोष्ट दिसली. पडदा पूर्ण थांबलेला असतो, तरीही प्रोसेसरचा वापर १३ टक्क्यांच्या आसपासच असतो आणि फॅनसुद्धा शांत असतो. प्रोसेसर एवढा मोकळा असेल तर काम का होत नाही?

फोटोशॉपमध्ये ए१ आकाराची प्रेझेंटेशन शीट ३०० डीपीआयवर करते, तिथे पाचसहा लेयर झाले की पुन्हा मेमरी भरून डिस्क धावू लागते. एनस्केप तर या लॅपटॉपवर सुरूच होत नाही. व्ह्यू, म्हणजे रेंडर केलेली चित्रे, काढायला महाविद्यालयाच्या संगणक कक्षात जावे लागते.

आराखडा:

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. तुमच्या प्रोसेसरला विंडोज ८ भागांत मोजते. त्यांपैकी एक भाग पूर्ण गुंतला आणि बाकी सात रिकामे राहिले तर एकूण वापर १२.५ टक्के दिसतो. म्हणजे सेक्शन तयार होताना एकच कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) जिवाच्या आकांताने काम करतो आहे आणि बाकीचे नुसते बसून आहेत. रेव्हिटमध्ये भिंत हलवली की तिच्यातील खिडक्या, तिला टेकलेला स्लॅब, त्यावरची मापे अशी एकावर एक अवलंबून असलेली साखळी क्रमाने तपासावी लागते, आणि आधीचे उत्तर आल्याशिवाय पुढचे काढता येत नाही. ऑटोकॅड आणि स्केचअपमधील बरेचसे कामही असेच एका कोअरवर चालते. त्यामुळे मॉडेलिंगसाठी प्रोसेसर निवडताना कोअरची संख्या मोजत बसण्यापेक्षा एका कोअरचा वेग पाहावा. कोअर अधिक असणे उपयोगी पडते ते प्रोसेसरवर चालणाऱ्या रेंडरिंगला, आणि तुम्ही तर एनस्केप वापरणार आहात, जे ग्राफिक कार्डावर चालते.

प्रोसेसरच्या नावातील शेवटची अक्षरे मात्र जरूर वाचा. इंटेलमध्ये यू असलेले प्रोसेसर साधारण १५ वॉटवर चालण्यासाठी बनवलेले असतात, एच असलेले ४५ वॉटवर आणि एचएक्स असलेले ५५ वॉटवर. तोच आकडा आणि तीच पिढी असली तरी यू आणि एच यांच्या कामात बराच फरक पडतो. तुम्हाला एच पुरेल. एचएक्स घेतल्यास वजन आणि उष्णता दोन्ही वाढते, आणि मॉडेलिंगमध्ये त्याचा मोबदला त्या प्रमाणात मिळत नाही.

रॅमच्या बाबतीत रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कने स्वतःच अंदाज देऊन ठेवला आहे. सुमारे १०० एमबीपर्यंतच्या मॉडेलला १६ जीबी, ३०० एमबीपर्यंत ३२ जीबी आणि ७०० एमबीपर्यंत ६४ जीबी. तुमची फाइल १८० एमबीची आहे, म्हणजे तुम्ही ३२ जीबीच्या गटात आधीच आला आहात. फोटोशॉपचेही गणित करून पाहा. ए१ शीट ३०० डीपीआयवर साधारण ७०१६ गुणिले ९९३३ पिक्सेलची होते, म्हणजे जवळपास ७ कोटी पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे २०० एमबी जागा घेतो, आणि मागे जाण्यासाठी फोटोशॉप जी हिस्टरी सांभाळते तिची जागा वेगळी. त्यामुळे ३२ जीबी ही चैन नाही, ती तुमची आजची गरज आहे. ६४ जीबी आज घेण्याचे कारण दिसत नाही, पण पुढे वाढवता येईल असा लॅपटॉप घ्या.

छायाप्रकाश:

ग्राफिक कार्डाविषयी मी लिहितो, कारण माझे सगळे काम व्ह्यू आणि वॉकथ्रूचे (इमारतीतून फिरल्यासारख्या चलचित्राचे) आहे, आणि याच भागात खरेदी करणाऱ्यांची सर्वाधिक फसगत होते.

कार्डाच्या नावावरून त्याची ताकद कळत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप कार्डाचे उदाहरण घ्या. हेच कार्ड लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवू शकते. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर काढायला जागा नसते, म्हणून तिथे मर्यादा खाली ठेवलेली असते. बाहेरच्या स्टिकरवर दोघांचेही नाव एकच असते, पण रेंडरला लागणारा वेळ एक नसतो. कार्डाची ही वॉटची मर्यादा, जिला टीजीपी म्हणतात, कंपनीच्या संकेतस्थळावरील सविस्तर तपशिलात शोधावी, आणि ती कुठेच दिलेली नसेल तर तो लॅपटॉप बाजूला ठेवावा. त्याचप्रमाणे लॅपटॉपचे कार्ड आणि डेस्कटॉपचे कार्ड यांची नावे सारखी असली तरी आतली चिप सारखी असेलच असे नाही. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये डेस्कटॉपच्या ४०८० ची चिप आणि १६ जीबी मेमरी आहे, तर डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये २४ जीबी. त्यामुळे डेस्कटॉप कार्डांच्या चाचण्या वाचून लॅपटॉप निवडू नये.

दुसरी बाब कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची, म्हणजे व्हीरॅमची. सीनमधील भूमिती, झाडे, फर्निचर आणि सगळे टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रे) रेंडरच्या वेळी या मेमरीत मावावे लागतात. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचे एक टेक्स्चर दाबून लहान न करता ठेवले तर ६४ एमबी जागा घेते. विटांच्या भिंतीच्या एका मटेरियलला रंगाचे, खडबडीतपणाचे आणि उठावाचे असे तीन टेक्स्चर लावले तर जवळपास २०० एमबी झाले, आणि अशी वीस मटेरियल वापरली तर झाडांचा हिशेब सुरू होण्याआधीच ४ जीबीच्या जवळ पोहोचता. रेंडर करणारी सॉफ्टवेअर टेक्स्चर दाबून ठेवतात हे खरे, तरीही ६ जीबीचे कार्ड फार लवकर अपुरे पडते. व्हीरॅम संपली की वेग थोडासा कमी होऊन भागत नाही. तो एकदम कोसळतो किंवा सॉफ्टवेअर बंद पडते.

म्हणून ८ जीबी हा माझ्या मते किमान आकडा आहे. इथे आणखी एक बारकावा आहे. लॅपटॉपमधील ४०६० आणि ४०७० या दोन्ही कार्डांना ८ जीबीच मेमरी आहे. म्हणजे ४०७० साठी अधिक खर्च करून रेंडर थोडा लवकर होईल, पण जो सीन ४०६० मध्ये मावत नाही तो ४०७० मध्येही मावणार नाही. पुढच्या पिढीतील ५०६० आणि ५०७० यांचीही तीच स्थिती आहे. १२ जीबी हवे असेल तर ४०८० किंवा ५०७० टीआयपर्यंत जावे लागते, आणि ते विद्यार्थ्याच्या कामासाठी आवश्यक नाही. तो फरकाचा पैसा रॅम आणि स्क्रीनमध्ये घाला.

काही जण वर्कस्टेशन प्रकारच्या लॅपटॉपची शिफारस करतील. डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक आणि लेनोव्होची थिंकपॅड पी मालिका हे त्यातले प्रसिद्ध प्रकार. त्यातील कार्डांची आणि ड्रायव्हरची ठरावीक सॉफ्टवेअरसोबत चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळालेले असते, आणि मोठ्या कार्यालयाला त्याची किंमत असते. तुमच्या यादीतील कोणत्याही सॉफ्टवेअरला त्याची गरज नाही. साध्या आरटीएक्स कार्डावर एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाकला की पुरे.

शाईकाम:

इथपर्यंतची चर्चा यंत्राच्या आतल्या भागांवर झाली. स्क्रीनविषयी कुणी बोलले नाही म्हणून लिहिते. मी छपाईसाठी डिझाइन करते. रेघोटी, तुझ्या कामातील जो भाग ग्राहकाच्या हातात कागदावर जाणार आहे, त्याच्यासाठी लॅपटॉपचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग स्क्रीनच आहे. रॅम कमी पडली तर काम उशिरा होते, आणि स्क्रीन चुकीची असली तर काम चुकते.

तपशिलात ४५ टक्के एनटीएससी असे लिहिलेले दिसले तर तो लॅपटॉप तिथेच सोडून दे. एनटीएससी हे १९५३ सालच्या रंगीत दूरचित्रवाणीचे मोजमाप आहे, आणि आज आपण जो एसआरजीबी रंगपट्टा (दाखवता येणाऱ्या रंगांची ठरलेली व्याप्ती) वापरतो तो त्याच्या सुमारे ७२ टक्के भरतो. म्हणजे ४५ टक्के एनटीएससी स्क्रीन एसआरजीबीचे जेमतेम ६२ ते ६५ टक्के रंग दाखवते. अशा स्क्रीनवर लाल रंग विटकरीकडे झुकतो, आणि तो फिका वाटतो म्हणून डिझाइन करणारा त्यात रंग वाढवत जातो. कागदावर मात्र तो भडक होऊन येतो. खेदाची गोष्ट अशी की उत्तम ग्राफिक कार्ड असलेल्या कितीतरी गेमिंग लॅपटॉपच्या स्वस्त आवृत्तीत हीच स्क्रीन दिलेली असते. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत स्क्रीन वेगळी असू शकते, म्हणून मॉडेलच्या नावावर न जाता त्या विशिष्ट आवृत्तीचा तपशील वाचावा.

तुला किमान १०० टक्के एसआरजीबी हवे. वेबसाइट आणि समाजमाध्यमांसाठी तेवढे पुरते. छपाईच्या कामात ॲडोबी आरजीबी या अधिक विस्तृत रंगपट्ट्याचा उपयोग होतो, कारण चांगल्या कोटेड कागदावर उमटणाऱ्या काही निळसर हिरव्या छटा एसआरजीबीच्या बाहेर पडतात. परंतु लॅपटॉपमध्ये ॲडोबी आरजीबी पूर्ण दाखवणाऱ्या स्क्रीन मोजक्या आहेत, त्यासाठी पुढे बाहेरचा मॉनिटर घेणे शहाणपणाचे. डीसीआय पी३ ची जाहिरात बरीच दिसेल. तो रंगपट्टा मुळात चित्रपटासाठी ठरवलेला आहे. असल्यास चांगलेच, पण जी सॉफ्टवेअर रंगांचे प्रोफाइल वाचत नाहीत त्यांच्यात अशा स्क्रीनवर सगळे रंग वाजवीपेक्षा भडक दिसतात, हे ध्यानात ठेवायचे.

यापेक्षाही दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्राइटनेस. खोलीत बसून पूर्ण ब्राइटनेसवर काम केले तर स्क्रीन ३०० ते ४०० निट्सचा (निट हे ब्राइटनेसचे एकक) प्रकाश फेकत असते. कागद स्वतः प्रकाश देत नाही. म्हणून स्क्रीनवर सुंदर दिसणारे मुखपृष्ठ छापून आल्यावर काळवंडलेले वाटते, आणि दोष छापखान्याला दिला जातो. छपाईचे काम करताना ब्राइटनेस १२० निट्सच्या आसपास आणि रंगाचे तापमान ६५०० केल्विनवर ठेवतात. हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, त्यासाठी स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारा कॅलिब्रेटर लागतो. लॅपटॉपच्या मानाने त्याचा खर्च थोडा असतो आणि मित्रांमध्ये मिळून एक घेतला तरी चालतो. त्यानंतर फोटोशॉपमध्ये छापखान्याने दिलेले सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) प्रोफाइल लावून प्रूफ कलर्स, म्हणजे छापल्यावर दिसतील तसे रंग दाखवण्याची सोय, चालू करायची आणि मगच रंग नक्की करायचा.

ओएलईडी स्क्रीनबद्दल, म्हणजे जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो तिच्याबद्दल, विचारशीलच. काळा रंग तिच्यावर खरोखर काळा दिसतो, रंग भरलेले दिसतात, आणि पहिल्या नजरेत इतर सगळ्या स्क्रीन तिच्यापुढे मळकट वाटतात. पण आपल्या कामात टूलबार आणि पॅलेट तासन्‌तास एकाच जागी असतात, आणि ओएलईडीमध्ये अशा स्थिर चित्राची छाप कायमची उमटण्याचा धोका असतो. शिवाय बऱ्याच ओएलईडी स्क्रीन कमी ब्राइटनेसवर सूक्ष्म वेगाने लुकलुकतात, ज्याने काहींचे डोळे आणि डोके दुखते, आणि आपल्याला तर कमी ब्राइटनेसवरच काम करायचे असते. मी मॅट (न चकाकणारी) आयपीएस स्क्रीन, म्हणजे मागून प्रकाश देणारी एलसीडी, घेईन. आकाराचे गुणोत्तर मात्र १६:१० असावे. उंचीची ती थोडी अधिक जागा इनडिझाइनचे पान आणि ऑटोकॅडची कमांड लाइन दोन्हींना कामी येते.

कोनमापक:

मॅकविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांचे काम रेव्हिटवर चालत नाही. मी आर्किकॅड आणि रायनोवर काम करते आणि मॅकबुक प्रो वापरते. त्याची स्क्रीन, शांत चालणारा फॅन आणि चार्जर न लावताही जवळजवळ तोच वेग या तिन्ही गोष्टी विंडोज लॅपटॉपमध्ये एकत्र मिळणे मला कठीण दिसले. त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वाटून घेतात, त्यामुळे मोठा सीन व्हीरॅमच्या मर्यादेत अडकत नाही; मात्र तीच मेमरी दोघांत वाटली जात असल्यामुळे ती घेतानाच भरपूर घ्यावी लागते, आणि नंतर वाढवण्याची सोय नाही. ज्यांचे काम मुख्यतः ग्राफिक डिझाइनचे आहे आणि स्केचअप, आर्किकॅड किंवा व्हेक्टरवर्क्समध्ये आराखडे करायचे आहेत, त्यांनी मॅकचा विचार अवश्य करावा. एनस्केपही मॅकवर स्केचअप, रायनो, आर्किकॅड आणि व्हेक्टरवर्क्समध्ये चालते.

रेघोटी:

कोनमापक ताई, मॅकवर विंडोज टाकून रेव्हिट चालवणारे काही विद्यार्थी मी पाहिले आहेत. तो मार्ग धरता येईल का?

आराखडा:

इंटेल प्रोसेसरच्या जुन्या मॅकवर बूट कॅम्पने संपूर्ण विंडोज टाकता येत असे. २०२० पासून ॲपलने स्वतःचे प्रोसेसर आणले आणि त्या यंत्रांवर ती सोय नाही. आता पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एआरएमचे विंडोज चालवायचे, त्यात रेव्हिट भाषांतरित होऊन चालणार, आणि मॅकची मेमरी दोन प्रणालींमध्ये वाटली जाणार. लहान मॉडेलपुरते ते चालतेही, पण ऑटोडेस्कचा त्याला अधिकृत आधार नाही, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री काही अडले तर दाद मागायला जागा उरत नाही. कोनमापक यांचे म्हणणे त्यांच्या सॉफ्टवेअरपुरते पूर्ण बरोबर आहे. रेव्हिट हे मुख्य काम असेल तर मात्र मी या वाटेने कुणालाही पाठवणार नाही.

दुरुस्तीवाला:

लॅपटॉप दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे घेतल्यानंतर दोनतीन वर्षांनी काय होते ते मला रोज दिसते.

खरेदीपूर्वी तळाचे झाकण उघडल्यावर आत काय आहे, याची माहिती काढा. कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. १६ जीबी सोल्डर केलेली असेल तर तो लॅपटॉप आयुष्यभर १६ जीबीचाच राहणार. काही लॅपटॉपमध्ये अर्धी रॅम सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा असतो. तुमच्यासारख्या कामाला दोन मोकळे स्लॉट असलेला लॅपटॉप घ्यावा, आणि रॅम घेताना १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. ३२ जीबीची एकच पट्टी लावली तर मेमरीचा अर्धाच मार्ग वापरला जातो. एसएसडीसाठीही (फायली साठवण्याची डिस्क) दुसरा स्लॉट, ज्याला एम.२ म्हणतात, असलेला बरा. सुरुवातीला १ टीबीची एसएसडी घ्या, आणि ती काठोकाठ भरू देऊ नका; फोटोशॉप तात्पुरत्या फायली तिथेच ठेवते.

छायाप्रकाश यांनी वॉटविषयी लिहिले आहे, त्याला मी उष्णतेची जोड देतो. दुकानात पाच मिनिटे वापरल्यावर सगळेच लॅपटॉप वेगवान वाटतात, कारण तोपर्यंत आतला तांब्याचा भाग तापलेला नसतो. खरी परीक्षा अर्ध्या तासाने होते. लॅपटॉपची लेखी किंवा दृश्य चाचणी पाहताना केवळ पहिल्या फेरीचा आकडा पाहू नका, सिनेबेंचसारखी वेग मोजणारी चाचणी सलग फिरवल्यावर आकडा किती खाली येतो ते पाहा. थोडा खाली येऊन स्थिरावला तर ठीक. घसरतच राहिला, तर मोठ्या वॉकथ्रूच्या वेळी तो लॅपटॉप साथ सोडणार हे नक्की समजावे.

हवा आत घेण्याच्या जाळ्या बहुतेक लॅपटॉपना तळाशी असतात. गादीवर किंवा मांडीवर ठेवून रेंडर लावला की त्या बंद होतात. दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपमध्ये फॅन आणि पत्र्याच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. तो काढला आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलली की हळू झालेले यंत्र पुन्हा पूर्वीसारखे चालते. म्हणून ज्याचे झाकण साध्या स्क्रूने उघडते असा लॅपटॉप मला पसंत आहे.

चार्जरचाही विचार करा. ताकदवान कार्डाच्या लॅपटॉपचा चार्जर बहुधा २०० वॉटच्या पुढचा आणि चांगलाच जड असतो, आणि तो न लावता रेंडर केला तर कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही. यूएसबी-सी वरून १०० वॉटने चार्ज होण्याची सोय असेल तर वर्गात आणि प्रवासात हलका चार्जर नेता येतो आणि मोठा घरी ठेवता येतो.

रेघोटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. या धाग्यातील मुद्दे समोर ठेवून यादी चाळली आणि दोन लॅपटॉप उरले आहेत. नावे देत नाही, तपशील देते.

पहिला १४ इंची आहे, वजन १.६ किलो, ओएलईडी स्क्रीन, १६ जीबी सोल्डर केलेली रॅम, ४०६० कार्ड ६० वॉटच्या आसपास. दुसरा १६ इंची आहे, वजन २.४ किलो, मॅट आयपीएस स्क्रीन १०० टक्के एसआरजीबी, २५६० गुणिले १६०० पिक्सेल, रॅमचे दोन स्लॉट, एसएसडीचे दोन स्लॉट, आणि ४०६० कार्ड ११५ वॉटवर. पहिला रोज महाविद्यालयात नेणे फार सोपे आहे, आणि खरे सांगायचे तर दिसायलाही तोच मला आवडला. दुसऱ्याच्या वजनाची काळजी वाटते.

आराखडा:

पहिल्यातील १६ जीबी सोल्डर रॅम हे एकच कारण तो नाकारायला पुरेसे आहे. तुमची आजची फाइल त्या मर्यादेबाहेर गेलेली आहे, आणि प्रबंधाच्या वर्षी फायली लहान होत नाहीत. वजनाची अडचण खरी आहे आणि मी ती कमी लेखत नाही. पाठीवरच्या चांगल्या सॅकने ती बरीच सुसह्य होते आणि चार्जर वेगळा ठेवता आला तर आणखी. दुसऱ्यात नंबर पॅड असेल तर मापे टाकताना त्याचा किती उपयोग होतो तेही तुम्हाला लवकरच कळेल. चाक दाबता येणारा चांगला माउस त्याच वेळी घ्या. ट्रॅकपॅडवर प्लॅन सरकवत काम करणे मनगटाला त्रासाचे होते.

छायाप्रकाश:

दुसरा घ्यावा. ६० आणि ११५ वॉटमधला फरक तुम्हाला प्रत्येक व्ह्यूच्या वेळी जाणवेल. त्या लॅपटॉपमध्ये मक्स स्विच आहे का ते पाहून ठेवा. तो असेल तर चित्र प्रोसेसरमधील ग्राफिक्समार्गे न जाता थेट कार्डावरून स्क्रीनवर जाते. मात्र तो नसला तरी रेंडरच्या वेळेत फरक पडत नाही, म्हणून त्याच्यासाठी अडून राहू नका.

शाईकाम:

मीही दुसऱ्याच्याच बाजूने आहे. लॅपटॉप हातात आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी स्क्रीन तपासून घे. खोलीत अंधार करून पूर्ण काळे चित्र स्क्रीनभर लाव आणि कडांमधून प्रकाश झिरपतो का ते पाहा. थोडा झिरपणे आयपीएसमध्ये स्वाभाविक आहे, पण एका कोपऱ्यात पिवळा डाग दिसला तर यंत्र बदलून माग. मग मध्यम करडा रंग स्क्रीनभर लावून एक बाजू गुलाबी आणि दुसरी हिरवट दिसते का ते पाहा. पांढऱ्यावर हा दोष लपतो, करड्यावर लगेच उघडा पडतो. शेवटी लाल, हिरवा आणि निळा असे एकेक रंग लावून बंद पडलेले पिक्सेल शोध.

दुरुस्तीवाला:

त्याच मुदतीत तुमची १८० एमबीची फाइल आणि एनस्केपचा जड सीन चार्जर लावून अर्धा तास चालवा, फॅनचा आवाज ऐका आणि कीबोर्ड बोटांना चटका बसण्याइतका तापतो का ते पाहा. हात ठेवायची जागा कोमट राहिली तर हरकत नाही. बिजागरीही चारसहा वेळा उघडझाप करून पाहा, ती कुरकुरता कामा नये.

रेघोटी:

दुसराच घेते. रॅम आधीपासून १६ जीबीच्या दोन पट्ट्यांची आहे, हे कंपनीकडून लेखी विचारून घेतले. यंत्र आले की शाईकाम ताईंनी सांगितलेली काळ्या आणि करड्या रंगाची तपासणी आधी करेन, मग अर्ध्या तासाचा रेंडर लावेन, आणि दोन्हीचे निकाल याच धाग्यावर लिहीन, म्हणजे अशाच दुहेरी कामासाठी लॅपटॉप शोधणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.